कॉलिंगवूडचे प्रशिक्षक : एका क्लबाच्या परंपरेचा अभ्यास

क्रीडासंस्थांचा इतिहास बहुधा विजय-पराजयांच्या याद्यांतून लिहिला जातो. या याद्या उपयुक्त असल्या, तरी संस्था कोणत्या विचाराने चालली आणि त्या विचाराची तिला काय किंमत मोजावी लागली, हे त्यांतून कळत नाही. हा प्रश्न ज्या संस्थांच्या बाबतीत विशेष तीव्रतेने उपस्थित होतो, त्यांपैकी मेलबर्न शहरातील कॉलिंगवूड फुटबॉल क्लब ही एक होय. १८९२ साली स्थापन झालेल्या या क्लबाने १९१२ ते १९४९ अशी अडतीस वर्षे एकच प्रशिक्षक ठेवला; आणि प्रशिक्षक हा क्लबाच्या जर्सीत खेळलेलाच असला पाहिजे, हा दंडक १९७६ अखेरपर्यंत मोडला नाही. घरचा माणूस की बाहेरचा, हा वाद पुढे त्या क्लबात ज्या आवेशाने चालला त्याचे मूळ या दीर्घ काळात आहे.

ऑस्ट्रेलियन नियमांचा फुटबॉल हा खेळ आपल्याकडे फारसा परिचित नाही. म्हणून त्याचे स्वरूप थोडक्यात सांगणे अवश्य आहे. क्रिकेटच्या विस्तीर्ण लंबवर्तुळाकार मैदानावर प्रत्येकी अठरा खेळाडूंचे दोन संघ लांबट चेंडूने हा खेळ खेळतात. क्रिकेटपटूंना हिवाळ्यात व्यायाम मिळावा, या हेतूने मेलबर्नमध्ये त्याची उभारणी झाली व त्याचे पहिले नियम १८५९ साली लिहिले गेले. मैदानाच्या दोन्ही टोकांना चार चार खांब असतात. मधल्या दोन खांबांतून चेंडू लाथेने पार केल्यास गोल होऊन सहा गुण मिळतात; बाजूच्या खांबांमधून गेल्यास एकच गुण मिळतो, त्याला ‘बिहाइंड’ म्हणतात. सामना चार भागांत खेळला जातो आणि एकेका संघाची धावसंख्या सहज शंभराच्या आसपास पोचते. अशा खेळात एका गुणाने हरणे म्हणजे काय, हे ध्यानात ठेवले म्हणजे पुढील हकीकतीचा अर्थ उमगेल.

प्रशिक्षक हे पद मुळात या खेळात नव्हते. एकोणिसाव्या शतकात कर्णधार हाच संघाचा नियंता असे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात क्लबांनी प्रशिक्षक नेमण्यास आरंभ केला. पण तेव्हाही तो बहुधा खेळणारा कर्णधारच असे. कॉलिंगवूडने १९१० साली अजिंक्यपद मिळविले ते जॉर्ज अँगस या कर्णधार-प्रशिक्षकाच्या हाताखाली. त्याच्यामागून १९१२ मध्ये जेम्स ऊर्फ जॉक मॅकहेल याच्याकडे ही जबाबदारी आली. तोही त्या वेळी खेळत होता, आणि नंतरही बरीच वर्षे खेळला. १९२० साली त्याचा अखेरचा सामना झाला तेव्हा त्याचे २६१ सामने भरले होते.

मॅकहेलचा जन्म १८८२ मध्ये सिडनी येथे झाला होता. पोटासाठी तो कार्लटन येथील बिअरच्या कारखान्यात नोकरी करी व तेथे फोरमनच्या हुद्द्यापर्यंत चढला. फुटबॉलचे प्रशिक्षण हा त्याचा संध्याकाळचा व शनिवारचा उद्योग होता. कॉलिंगवूड हे त्या काळी कारखाने, दाटीची घरे आणि हातावर पोट असलेली माणसे यांचे उपनगर होते. क्लब हीच तेथील लोकांची अभिमानाची जागा होती. मॅकहेल त्यांच्यातलाच एक. क्लबाचे एक तत्त्व त्याच्या कारकिर्दीत रूढ झाले, ते असे की, संघातील श्रेष्ठ आणि कनिष्ठ खेळाडू यांच्या मोबदल्यात भेद करावयाचा नाही. प्रशिक्षकानेही खेळाडूइतकेच घ्यावे, हे मॅकहेलला मान्य होते. १९३० मध्ये व्हिक्टोरियन फुटबॉल लीगने ‘कूल्टर कायदा’ या नावाने ओळखला जाणारा नियम करून खेळाडूच्या मोबदल्यावर सामन्यामागे तीन पौंडांची मर्यादा घातली. इतर क्लबांना हा नियम बाहेरून आलेला जाच वाटला असेल. कॉलिंगवूडमध्ये मात्र समान वाटपाची रीत आधीपासूनच मुरलेली होती. १,२९९ गोल करणारा गॉर्डन कोव्हेंट्री आणि नुकताच संघात आलेला पोरसवदा खेळाडू यांना एकच रक्कम मिळत असे, ही गोष्ट आजच्या वाचकास नवलाची वाटेल.

या रीतीमागे केवळ काटकसर होती असे मानणे बरोबर नाही, आणि केवळ आदर्शवाद होता असे मानणेही भाबडेपणाचे आहे. तिचा व्यावहारिक परिणाम मोठा होता. तारांकित खेळाडूंमधील हेवेदावे तीमुळे कमी झाले. एकच संघ वर्षानुवर्षे एकत्र राहिला. आणि एकत्र राहिल्यामुळे परस्परांच्या सवयी इतक्या अंगवळणी पडल्या की, वृत्तपत्रांनी त्या संघाला ‘यंत्र’ असे नाव दिले. १९२७, १९२८, १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ चार अजिंक्यपदे या यंत्राने मिळविली. सलग चार वर्षांचा हा विक्रम आजतागायत कोणीही ओलांडलेला नाही, की त्याची बरोबरीही केलेली नाही. १९२९ मध्ये तर साखळीतील अठराच्या अठरा सामने कॉलिंगवूडने जिंकले. उपांत्य सामन्यात रिचमंडने त्यांना ६२ गुणांनी लोळविले, आणि तरीही अंतिम सामन्यात त्याच रिचमंडला २९ गुणांनी हरवून त्यांनी पद राखले.

मॅकहेलच्या पद्धतीत बुद्धीचे डावपेच फारसे नव्हते. कसून सराव, वेळेची शिस्त, चेंडू शक्य तितक्या सरळ मार्गाने पुढे नेऊन कोव्हेंट्रीसारख्या गोल करणाऱ्याच्या हाती देणे, आणि वैयक्तिक कसरतीला थारा न देणे, एवढ्यावर त्याची भिस्त असे. हे सांगताना एक गोष्ट विसरता कामा नये. त्या काळच्या प्रशिक्षकाजवळ सामना चालू असताना करण्यासारखे फार थोडे होते. १९३० पूर्वी राखीव खेळाडू बदली म्हणून उतरविण्याची सोयच नव्हती. त्या वर्षी एकोणिसावा आणि १९४६ मध्ये विसावा खेळाडू आला, पण बाहेर गेलेल्या खेळाडूला परत येता येत नसे. मैदानात निरोप घेऊन धावणारा दूत १९५५ मध्ये आला, तर मुक्त अदलाबदल १९७८ मध्ये. म्हणजे मॅकहेलच्या वेळी प्रशिक्षकाचे खरे काम आठवड्याभरात होऊन गेलेले असे. सामन्याच्या दिवशी मध्यंतरातील भाषण एवढेच त्याच्या हाती उरे.

याचा दाखला १९३० च्या अंतिम सामन्याने दिला. मॅकहेल त्या दिवशी आजारी होता व घरी बिछान्यावर पडून होता. मध्यंतरापर्यंत जिलाँग संघ पुढे होता. तेव्हा क्लबाचा खजिनदार बॉब रश याने खेळाडूंपुढे भाषण केले. उत्तरार्धात चित्र पालटून कॉलिंगवूड ३० गुणांनी जिंकले. मॅकहेलच्या नावावर आठ अजिंक्यपदे मोजण्याची प्रथा आहे, ती १९१७, १९१९, वरील चार, १९३५ व १९३६ अशी. म्हणजे ज्या सामन्यास तो हजरच नव्हता, त्याचाही तीत समावेश होतो. संख्याशास्त्राचा आग्रह धरणाऱ्यांना हे खटकते. परंतु प्रशिक्षकाचे कार्य आठवड्याचे होते हे एकदा मान्य केले, की श्रेय त्याला देण्यात गैर काही उरत नाही. उलट, प्रशिक्षक घरी असताना त्याचा संघ पिछाडीवरून जिंकतो, याहून त्याच्या पद्धतीची चांगली परीक्षा ती कोणती?

एकंदर ७१४ सामन्यांत ४६७ विजय, २३७ पराभव आणि १० बरोबऱ्या असा त्याचा हिशेब आहे. तथापि या आकड्यांत १९३६ नंतरची तेरा वर्षेही आहेत, आणि त्यांत एकही अजिंक्यपद नाही. इतक्या दीर्घ अवर्षणानंतर दुसऱ्या क्लबाने प्रशिक्षक बदलला असता. कॉलिंगवूडने बदलला नाही, कारण तोपर्यंत मॅकहेल आणि क्लब हे दोन वेगळे पदार्थ राहिले नव्हते.

१९५० च्या हंगामापूर्वी तो निवृत्त झाला, आणि वारसाचा प्रश्न क्लबापुढे प्रथमच उभा राहिला. कार्यकारी मंडळाने दुय्यम संघाचा प्रशिक्षक बर्विन वुड्स याची निवड केली. सभासदांना आणि खेळाडूंना मात्र फॉन्स काइन हा झुंजार खेळाडू हवा होता. क्षोभ एवढा वाढला की वुड्सने पद सोडले व काइनची नेमणूक झाली. प्रकरण तेवढ्यावर मिटले नाही. १९२४ पासून अध्यक्ष असलेल्या हॅरी कर्टिसची राजवट त्याच वर्षी संपली आणि ‘यंत्रा’चा जुना कर्णधार सिड कोव्हेंट्री अध्यक्ष झाला. वुड्स आणि काइन हे दोघेही घरचेच होते, हे येथे मुद्दाम नोंदविले पाहिजे. बाहेरच्या माणसाचा विचारही कोणाच्या मनात आला नाही. भांडण झाले ते घरातल्या घरात, आणि म्हणूनच ते इतके कडवट झाले.

काइनने चौदा वर्षांत संघाला सहा वेळा अंतिम सामन्यापर्यंत नेले व दोनदा जिंकून दिले. पहिला विजय १९५३ चा, जिलाँगविरुद्ध बारा गुणांनी. सतरा वर्षांची प्रतीक्षा संपली. त्या सामन्यानंतर आठच दिवसांनी, ४ ऑक्टोबरला, मॅकहेल हृदयविकाराने वारला. क्लबाचा धनाढ्य पुरस्कर्ता जॉन रेन हाही त्याच महिन्यात गेला. एका युगाचे दोन आधारस्तंभ असे एकदमच कोसळले.

दुसरा विजय १९५८ चा. कॉलिंगवूडच्या आख्यायिकेत त्याला ‘यंत्रा’च्या विजयांइतकेच मानाचे स्थान आहे, आणि ते योग्यच आहे. नॉर्म स्मिथच्या मेलबर्न संघाने १९५५, १९५६ व १९५७ ही तीन वर्षे पद जिंकले होते. त्यांतील पहिल्या दोन वेळी हरलेला संघ कॉलिंगवूडच होता. चौथे पद मिळाले असते तर १९२७–३० च्या विक्रमाची बरोबरी झाली असती. मेलबर्नचेच पारडे जड आहे, असा सर्वांचा कयास होता. नेहमीचा कर्णधार फ्रँक टक जखमी असल्याने धुरा मरे वाइडमनकडे आली. त्याने व बॅरी हॅरिसनने मेलबर्नच्या रॉन बरासीला अंगाला भिडून बेजार केले, आणि कॉलिंगवूड ८२ विरुद्ध ६४ असे जिंकले. मेलबर्नने १९५९ व १९६० ही दोन्ही वर्षे पुन्हा जिंकली, यावरून तो संघ किती बलाढ्य होता हे दिसते. कॉलिंगवूडचे खेळाडू त्या दिवशी स्वतःच्या पदासाठी खेळले त्यापेक्षा आधीच्या पिढीच्या विक्रमाच्या रक्षणासाठी खेळले, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. परंपरा माणसाला बळ देते याचे इतके स्वच्छ उदाहरण क्रीडेतिहासात क्वचितच आढळेल. तीच परंपरा पुढे ओझे झाली.

१९६४ मध्ये काइनच्या जागी बॉब रोझ आला. खेळाडू म्हणून तो क्लबाच्या सर्वश्रेष्ठांत गणला जाई. माणूस म्हणून तो सर्वांचा आवडता होता. त्याच्या पहिल्याच वर्षी अंतिम सामन्यात मेलबर्नने कॉलिंगवूडला चार गुणांनी हरविले. निर्णायक गोल केला तो नील क्रॉम्प्टन या बचावफळीतल्या खेळाडूने. १९६६ मध्ये सेंट किल्डाने एका गुणाने हरविले. बॅरी ब्रीनच्या पायातून निसटलेला बिहाइंड पुरेसा ठरला. १९७० मध्ये मेलबर्न क्रिकेट मैदानावर १,२१,६९६ प्रेक्षकांसमोर कॉलिंगवूड मध्यंतराला ४४ गुणांनी पुढे होते. कार्लटनचा प्रशिक्षक होता बरासी, १९५८ च्या पराभवात घेरला गेलेला तोच. त्याने मध्यंतरात खेळाडूंना चेंडू हाताने एकमेकांकडे देत वेगाने पुढे जाण्यास सांगितले आणि टेड हॉपकिन्स या राखीव खेळाडूला उतरविले. हॉपकिन्सने चार गोल केले व कार्लटन दहा गुणांनी जिंकले. १९३० आणि १९७० यांमधील फरक असा की, मध्यंतरातील भाषणाला आता एका नव्या खेळपद्धतीची जोड मिळाली होती.

त्याच १९७० च्या आरंभी समान मोबदल्याचे तत्त्वही कोसळले होते. पश्चिम ऑस्ट्रेलियातून आणलेल्या पीटर इकिन्सला आपल्याहून अधिक पैसा मिळतो हे कळताच कर्णधार डेस टडनम आणि उपकर्णधार लेन थॉम्प्सन यांनी खेळण्यास नकार दिला. ते परतले, पण टडनमचे कर्णधारपद गेले व ते टेरी वॉटर्सला मिळाले. पुढे टडनम एसेंडनचा कर्णधार-प्रशिक्षक होऊन गेला. दोष कोणाचा? खेळाडूंवर लोभाचा आरोप करणे सोपे आहे. पण तत्त्व मोडले ते क्लबाने. बाहेरच्या खेळाडूसाठी बाजारभाव आणि घरच्यांसाठी परंपरा, अशी दुहेरी मापे कोणतीही संस्था फार दिवस वापरू शकत नाही.

रोझनंतरची वर्षे वेगाने सांगता येतात. नील मन (१९७२–७४) आणि वाइडमन (१९७५–७६) हे दोघेही घरचेच. १९७६ मध्ये क्लब आपल्या इतिहासात प्रथमच तळाला गेला. तेव्हा कोठे दंडक मोडला आणि १९७७ साली टॉम हेफी आला. रिचमंडला चार अजिंक्यपदे मिळवून देणारा हा माणूस कॉलिंगवूडसाठी एकही सामना खेळलेला नव्हता. एका वर्षात त्याने तळाचा संघ साखळीच्या शिरोभागी नेला. अंतिम सामन्यात नॉर्थ मेलबर्नशी ७६–७६ अशी बरोबरी झाली. फेरसामना २७ गुणांनी हरला. पुढे १९७९, १९८० व १९८१ असे आणखी तीन अंतिम सामने हेफीने गमावले, आणि १९८२ च्या हंगामाच्या मध्यातच त्याला दूर करण्यात आले.

१९५८ नंतर नऊ अंतिम सामने होऊन गेले. आठ हरले, एक बरोबरीत सुटला. या दुखण्याला लोकांनी ‘कॉलिवॉबल्स’ असे थट्टेचे नाव दिले. १९८२ मध्ये ‘नवे मॅगपाय’ म्हणविणारा रॅनल्ड मॅकडॉनल्ड यांचा गट सत्तेवर आला. (मॅगपाय हा काळा-पांढरा पक्षी क्लबाचे बोधचिन्ह आहे.) त्यांनी पोर्ट ॲडिलेडचा जॉन केहिल प्रशिक्षक म्हणून आणला, खेळाडूंवर सढळ हाताने खर्च केला, आणि १९८६ पर्यंत क्लब दिवाळखोरीच्या काठावर आणून ठेवला. संकटकाळी रोझ पुन्हा प्रशिक्षक झाला होता. १९८६ चे तीन सामने होताच त्याने सूत्रे हॉथॉर्नचा माजी खेळाडू ली मॅथ्यूज याच्याकडे दिली. १९९० मध्ये मॅथ्यूजच्या संघाने एसेंडनला ४८ गुणांनी हरवून बत्तीस वर्षांचा वनवास संपविला.

त्यानंतर क्लब पुन्हा घरच्या माणसाकडे वळला. १९९० चा विजयी कर्णधार टोनी शॉ चार वर्षे प्रशिक्षक होता; १९९९ मध्ये संघ दुसऱ्यांदा तळाला गेला. मग वेस्ट कोस्टला १९९२ व १९९४ ची पदे मिळवून देणारा मिक मॅल्टहाउस आला. २००२ व २००३ मध्ये त्याच्या संघाला अंतिम सामन्यांत ब्रिस्बेनने हरविले. ब्रिस्बेनचा प्रशिक्षक तोवर ली मॅथ्यूज झाला होता. २०१० मध्ये सेंट किल्डाशी ६८–६८ अशी बरोबरी व फेरसामन्यात ५६ गुणांनी विजय, असे मॅल्टहाउसला यश लाभले.

पण त्याआधीच, २००९ मध्ये, एक करार झाला होता. क्लबाचा लाडका माजी कर्णधार नेथन बकली याने २०१२ पासून प्रशिक्षक व्हावे आणि मॅल्टहाउसने मार्गदर्शकाच्या पदावर सरकावे, असे त्यात ठरले होते. २०११ मध्ये संघाने साखळीतील बावीसपैकी वीस सामने जिंकले, अंतिम सामना जिलाँगकडून गमावला, आणि करार अमलात आला. मॅल्टहाउसने नवे पद नाकारून क्लब सोडला. उत्तराधिकार आधीच ठरवून ठेवला म्हणजे १९५० सारखा कलह टळेल, ही कल्पना कागदावर शहाणपणाची होती. कराराची तारीख यशाची वाट पाहत नाही, एवढे मात्र करणाऱ्यांच्या ध्यानात आले नाही. बकलीच्या साडेनऊ वर्षांत एकच अंतिम सामना आला, २०१८ चा. वेस्ट कोस्टने तो पाच गुणांनी जिंकला. २०२१ च्या फेब्रुवारीत क्लबात पद्धतशीर वर्णभेद असल्याचा अहवाल उघड झाला, अध्यक्ष एडी मॅग्वायर यांनी राजीनामा दिला, आणि जूनमध्ये बकलीही पायउतार झाला. ‘आपली माणसे’ या शब्दांत कोण बसते आणि कोण बसत नाही, हा प्रश्न प्रशिक्षकाच्या खुर्चीपुरता मर्यादित नव्हता, हे त्या अहवालाने दाखविले.

आता हिशेब पाहावा. १९५८ नंतरची तीनही अजिंक्यपदे बाहेरून आलेल्या प्रशिक्षकांनी दिली : १९९० मॅथ्यूज, २०१० मॅल्टहाउस, २०२३ क्रेग मॅकरे. घरच्यांनी एकही नाही. यावरून घरचा प्रशिक्षक नेमणे हीच चूक होती असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो, आणि तो अनेकांनी काढला आहे. तो टिकणारा नाही. रोझ आणि बकली यांनी मिळून चार अंतिम सामने गमावले, त्यांतील पराभवांचे अंतर अनुक्रमे चार, एक, दहा आणि पाच गुण. सारे मिळून वीस, म्हणजे चार गोलांपेक्षाही कमी. उलट बाहेरच्यांनी बारा अंतिम सामने खेळून तीन जिंकले, दोन बरोबरीत सोडविले व सात हरले. त्या पराभवांत १९८० चा ८१ गुणांचा आणि २००३ चा ५० गुणांचाही आहे. चेंडू एखाद्या वेळी खांबाच्या या बाजूऐवजी त्या बाजूने गेला असता, तर रोझ आज मॅकहेलच्या पंक्तीत बसला असता आणि परंपरेचे गोडवे गाणारे ग्रंथ निघाले असते. इतक्या थोड्या घटनांवर सिद्धान्त उभारणे धोक्याचे आहे.

सांगता येते ते एवढेच की, मॅकहेलच्या परंपरेचे दोन पाय होते : समान मोबदला आणि स्थिर संघ. १९७० पर्यंत दोन्ही खचले. घरचा प्रशिक्षक ही त्या परंपरेची केवळ खूण होती. पाया गेल्यावर खूण तेवढी जपण्यात आली.

मॅकहेलचा ७१४ सामन्यांचा विक्रम १ मे २०१५ रोजी मोडला. तो मोडणारा मॅल्टहाउसच होता. पण तोवर तो कार्लटनचा प्रशिक्षक झाला होता, आणि त्याचा ७१५ वा सामना नेमका कॉलिंगवूडशी पडला. कार्लटन ७५ गुणांनी हरले आणि त्याच महिन्यात मॅल्टहाउसला काढून टाकण्यात आले. मॅकरे हा ब्रिस्बेनचा जुना खेळाडू. २००२ व २००३ मध्ये कॉलिंगवूडला हरविणाऱ्या मॅथ्यूजच्या संघात तो होता. सतराव्या क्रमांकावरचा संघ त्याने २०२२ मध्ये हाती घेतला. पुढच्याच वर्षी अंतिम सामन्यात ब्रिस्बेनला ९० विरुद्ध ८६ असे हरवून त्याने पद मिळविले. अंतर चार गुणांचे होते : १९६४ मध्ये रोझच्या वाट्याला आले होते तेवढेच.